शार्दूलची अक्षरं

वलगावात मोतीराम तेलगोटे कुठं राहतात असं विचारलं, तर दोन-चार माणसं तरी डोकं खाजवतील. मोती पेंटर म्हटलं की लहान पोरही घर दाखवतं. परतवाड्याच्या रस्त्यालगत, विहाराच्या मागच्या गल्लीत, निळ्या दाराचं घर. दारावर नाव नाही. चाळीस वर्षं दुसऱ्यांची नावं रंगवणाऱ्या माणसाला स्वतःच्या दारावर नाव घालायचं कधी सुचलंच नाही.

पंधराव्या वर्षी ते अमरावतीला गफ्फार उस्तादांच्या हाताखाली लागले. उस्तादांचा कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड. पहिलं वर्ष ब्रश धुण्यात गेलं, दुसरं नुसता रंग भरण्यात. तिसऱ्या वर्षी उस्तादांनी हातात खारीच्या केसांचा बारीक ब्रश दिला आणि भिंतीवर रेघ ओढायला सांगितली. रोज शंभर रेघा. अक्षर नाही, नुसती आडवी रेघ. "पहले लकीर, फिर हर्फ," असं ते म्हणत. मोतीरामांची रेघ अशी बसली, की पुढं ट्रकवाले आणि दुकानदार त्यांच्यासाठी आठ-आठ दिवस थांबू लागले.

मग फ्लेक्स आला. दोन तासांत फोटोसकट पाटी मिळायला लागल्यावर आठ दिवस थांबणार कोण? मोतीरामांनी त्याचा फार त्रागा केला नाही. शाळांच्या भिंतींवर बाराखड्या आणि पाढे रंगवले, पाण्याच्या टाक्यांवर गावांची नावं घातली, मुलीचं शिक्षण पार पडलं, ती नोकरीला लागली. साठी उलटल्यावर त्यांनी ब्रश तेल लावून डब्यात ठेवून दिले. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डाव्याचं व्हायचं होतं. आता सकाळी विहारात जाऊन बसायचं, दुपारी बायकोला, केशरबाईंना, शेंगा सोलू लागायच्या, असं चाललं होतं. अशात मागच्या कार्तिकात अकोटहून फोन आला.

"मोती पेंटर का?"

"हाव, जय भीम. कोन बोलून राहिलं?"

"काका, मी विपुल म्हैसने. अकोटच्या जिनिंगवर तुमच्या हातची पाटी आहे ना, तठच्या चौकीदारानं तुमचं नाव सांगतलं. तुमी अक्षरं काढता ना?"

"काढत होतो."

"इंजिनावर काढान का? आबाच्या जुन्या इंजिनावर?"

मोतीराम हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. "पाहून सांगतो," म्हणाले. फोन ठेवला तेव्हा केशरबाई त्यांच्याकडे बघत होत्या.

"जाऊन या," त्या म्हणाल्या. "शेंगा तं मी एकलीबी सोलतो."

दुसऱ्या दिवशी परतवाड्याला एसटी बदलून, अंजनगावमार्गे ते अकोटला पोचले. विपुल मोटारसायकल घेऊन स्टँडवर उभा होता. तिशीतला, मशीनचा डिप्लोमा करून शेती करणारा, बोलायला मोकळा. वाटेत त्यानं सगळं सांगून टाकलं. त्याच्या पणजोबांनी १९६४ साली अकोल्याच्या भगीरथ आयर्न वर्क्समधून एक ऑइल इंजिन घेतलं होतं. नाव 'शार्दूल'. आबा, म्हणजे त्याचे आजोबा किसनराव, तेव्हा अठरा वर्षांचे. त्यांनीच ते इंजिन बैलगाडीवर घालून दोन दिवसांत अकोल्याहून अकोटला आणलं. तीस वर्षं त्यानं विहिरीचं पाणी ओढलं, कडबा कापला, लग्नाच्या मांडवांना वीजही दिली. वीजपंप आले आणि शार्दूल गोठ्यात गेलं. कारखाना तर त्याच्याही आधी बंद पडला. विपुलनं दोन वर्षं खपून इंजिन पुन्हा चालू केलं होतं. उरलं होतं फक्त अंगावरचं नाव.

शेतातल्या शेडमध्ये इंजिन उभं होतं. दोन मोठी चाकं, मधे एक सिलिंडर, आणि वर चौकोनी लोखंडी पाण्याची टाकी, जिच्या बाजूवर नाव असायचं. त्यावर एक चकचकीत स्टिकर डकवलेलं होतं. विपुलनं ते अकोल्याच्या रेडियमवाल्याकडून कापून आणलं होतं.

शेजारी बाजेवर किसनराव बसले होते. अठ्ठ्याहत्तरीचे, सडसडीत, पांढऱ्याशुभ्र मिशांचे. त्यांनी राम राम केला आणि काठी स्टिकरकडे रोखली.

"पेंटरसायेब, हे शार्दूल नोहे. हे शार्दूलचं आधार कार्ड होय."

मोतीराम हसले. जवळ जाऊन पाहिलं तर म्हाताऱ्याचं म्हणणं खोटं नव्हतं. कॉम्प्युटरनं 'ल' दांडीचा घातला होता आणि 'श' शेंडीचा, हिंदीच्या पुस्तकात असतात तसे. १९६४ साली अकोल्यात कोणी असा 'ल' काढला नसता. तेव्हाचा 'ल' दोन पाकळ्यांचा, आणि 'श' देठाचा.

"मूळचं काई उरलं आहे का?" त्यांनी विचारलं.

विपुलचा चेहरा पडला. एका बाजूचं सगळं त्यानं एका गॅरेजवाल्याकडून औषध लावून खरवडून घेतलं होतं. खाली लोखंड निघालं, तेव्हा आबा जेवले नव्हते त्या दिवशी. दुसरी बाजू मात्र तशीच ठेवली होती. तिच्यावर किसनरावांनीच कधीतरी घरातला उरलेला निळा रंग फासला होता.

मोतीरामांनी स्टिकर ओढून काढलं, मग त्या दुसऱ्या बाजूला जाऊन निळ्या रंगाला गाल लावल्यासारखे तिरपे होऊन ते पाहू लागले. दारातून येणारं ऊन टाकीवर आडवं पडत होतं. जाड रंगाचं अक्षर वरून कितीही झाकलं तरी ते अंगानं उंच राहतं. तिरप्या उन्हात त्याची कड दिसते. तशी कड दिसली. त्यांनी पाण्याची बादली मागितली, सगळ्यात बारीक वॉटर पेपर घेतला आणि तळहाताखाली धरून गोल गोल घासायला सुरुवात केली. दोन घासण्या, एक पुसणं. निळं पाणी खाली ठिबकू लागलं. निळ्याखाली गर्द हिरवा निघाला, हिरव्यावर साय रंगाचा एक ठिपका, ठिपक्याचा देठ झाला, देठाला वळण आलं. दुपार टळेपर्यंत पूर्ण 'शा' वर आला होता, उजव्या अंगाला तांबडी सावली असलेला.

किसनराव बाजेवरून उठून आले. बोटाच्या टोकानं त्यांनी काना वरपासून खालपर्यंत चाचपला आणि परत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी 'ल' निघाला. मधलं मात्र गेलेलं होतं. टाकीचं उकळतं पाणी वर्षानुवर्षं मधूनच ओघळत आलं होतं आणि त्यानं 'र्दू' गंजासकट खाऊन टाकला होता. उरला होता फक्त वरच्या आडव्या रेघेचा तुकडा. आणि ती रेघ, मोतीरामांनी दोरी धरून पाहिली, सरळ नव्हती. डावीकडून उजवीकडे जाता जाता चांगली बोटभर वर चढली होती.

'कोण्या शिकाऊ पोरानं काढली असंन,' असं त्यांच्या मनात आलं. उस्तादांनी अशी रेघ पाहिली असती तर भिंत पुन्हा चुन्यानं पोतून घेतली असती.

त्यांनी टाकीवर पातळ कागद धरून उरलेली अक्षरं उतरवून घेतली. टाकीवर कारखान्याची छोटी पितळी पट्टी होती, ती विपुलनं खोलली. तिच्याखाली साठ वर्षं ऊन न लागलेला रंग होता, हिरवा आणि सायीचा, जसा लावला तसा. त्याची चिमूटभर कपची त्यांनी काडेपेटीत घातली आणि घरी आले.

वलगावात चार दिवस मोतीराम 'र्दू' काढत बसले. कागदावर, पाटीवर, अंगणात. एक काढला तो उस्तादांच्या वळणाचा झाला. एक काढला तो स्वतःच्या ट्रकांवरचा. तिसरा बरा होता, पण 'शा' आणि 'ल'च्या मधे ठेवल्यावर पंगतीत चुकून बसलेल्या पाहुण्यासारखा अवघडून दिसू लागला. दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, कोणाला कळणार आहे? मोतीरामांनाही ते एकदा वाटलं. मग त्यांना किसनरावांचं ते बोट आठवलं.

रंगाचाही घोळ होता. काडेपेटीतली कपची उजव्या डोळ्यानं पाहिली तर दुधासारखी पांढरी दिसे, डाव्यानं पाहिली तर हळदीच्या बोटासारखी पिवळट. दोन्ही डोळे उघडले की दोघांचं भांडण. ऑपरेशन झाल्यापासून हे असंच होतं, पण आजवर काही अडलं नव्हतं. शेवटी त्यांनी सहा वाट्यांत सहा रंग कालवले आणि केशरबाईंना बोलावलं.

केशरबाईंनी कपची उजेडात धरली, वाट्यांकडे पाहिलं.

"हे कवठाच्या गरासारखं आहे," त्या म्हणाल्या. "पिकल्या कवठाच्या नाई, गदराल्या कवठाच्या. तुमची ही चवथी वाटी जवळ आहे, पन तिच्यात तांबडं जरासं टाका."

त्यांनी सुईच्या टोकावर तांबडा घेऊन टाकला. केशरबाई म्हणाल्या, "हाव, आता." मोतीरामांना दोन्ही डोळ्यांनी काही वेगळं दिसलं नाही, पण चाळीस वर्षं वेचणीच्या कापसात डागाळलेली पिवळी कवडी ओळखणाऱ्या नजरेशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

'र्दू' मात्र अडूनच होता. त्यांनी विपुलला फोन केला. "बाबू, असंच दुसरं इंजिन कुठी असंन का, ते पाय. मले त्याच्यावरचं मधलं अक्षर पायजे."

विपुलनं टाकीचा फोटो काढून जुन्या यंत्रांची हौस असणाऱ्यांच्या व्हाट्सॲप ग्रुपवर टाकला. दुसरं शार्दूल कोणाकडे निघालं नाही. पण तिसऱ्या दिवशी अकोल्याहून आकांक्षा पिंजरकर नावाच्या एका कॉलेजातल्या मुलीचा निरोप आला. कोणीतरी तिला फोटो पाठवला होता आणि तिनं तो आजीला दाखवला होता. आजी म्हणते, हे माझं आहे.

मोतीरामांना वाटलं, इंजिन तिच्या घरचं असेल. विपुललाही तसंच वाटलं. दोघं अकोल्याला गेले.

जुन्या शहरात एका अरुंद बोळात पिंजरकरांचं घर होतं. मनकर्णाबाई ओसरीत शहाबादी फरशीवर पाय पसरून बसल्या होत्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या, नऊवारी नेसलेल्या, कान जरा जड, पण नजर लख्ख. आकांक्षानं चहा आणला.

"तुमच्याकडे होतं का माय, शार्दूल?" मोतीरामांनी मोठ्यानं विचारलं.

"आमच्याकडं कायचं इंजिन बाप्पा, आमच्याकडं वावरच नोहोतं," त्या म्हणाल्या. "ते अक्षर माया हातचं होय."

विपुल आणि मोतीराम एकमेकांकडे पाहू लागले. मग म्हातारीनं सावकाश, मधेमधे चहा पीत, सगळं सांगितलं. तिचे मालक सुखदेव पिंजरकर भगीरथच्या कारखान्यात पेंटर होते. लग्नाला तीन वर्षं झाली असतील तेव्हा त्यांचा उजवा हात पट्ट्यात सापडला आणि दोन बोटं गेली. काम जाईल म्हणून त्यांनी डाव्या हातानं करून पाहिलं, जमेना. मग ते डबा घेऊन बायकोला बरोबर नेऊ लागले. ते बाजूला उभं राहून सांगायचे, ही काढायची. फोरमनला माहीत होतं, कारखान्याच्या मालकालाही असावं. इंजिन वेळेवर रंगत होतं, कोणी काही बोललं नाही.

"किती वर्षं?" मोतीरामांनी विचारलं.

"अकरा. कारखाना बंद पडला तवालोक. हजेरीत नाव त्याईचंच होतं."

"म्हंजे भगीरथची सगळी इंजिनं..."

"अकरा वर्षांतली सगळी मायीच."

मोतीरामांनी कप खाली ठेवला. त्यांनी पिशवीतून कागद काढला, 'शा' आणि 'ल' दाखवले, आणि मधल्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून म्हणाले, "माय, हे अक्षर गेलं. हा 'र्दू' कसा काढत होत्या तुमी?"

मनकर्णाबाईंनी कागद जवळ घेतला, लांब धरला.

"तुमी त्याले काय म्हन्ता ते मले ठाऊक नोहोतं," त्या म्हणाल्या. "मले वाचता येत नोहोतं भाऊ. आता या पोरीनं शिकवलं, चार वर्सं झाले. तवा नोहोतं येत."

"पन तुमी लिवत होत्या ना?" विपुल न राहवून म्हणाला.

"मी लिवत नोहोती. मी काढत होती."

मोतीरामांच्या वस्तीत छप्पन सालानंतर सगळ्यांत आधी आली होती ती रात्रीची शाळा. वडील चाळिशीत कंदिलापाशी स्वतःचं नाव लिहायला शिकत होते आणि पाच वर्षांचे मोतीराम त्यांच्या मांडीवर बसून तीच अक्षरं गिरवत होते. अक्षर आलं म्हणजे वाचणं आलं, वाचणं आलं म्हणजे माणूस उभा राहिला, हे त्यांच्या रक्तात होतं. आणि इथं एका बाईनं अकरा वर्षं जिल्हाभरातल्या इंजिनांवर नाव घातलं होतं, आणि ते नाव तिला वाचता येत नव्हतं. त्यांना तिची दया आली नाही. आपण त्या रेघेला शिकाऊ पोराची म्हणालो होतो, त्याची मात्र लाज वाटली.

"खडू आन व पोरी," मनकर्णाबाई म्हणाल्या.

आकांक्षानं खडू दिला. म्हातारी पुढं वाकली. "हे पाय. तुमचं हे पयलं, याले मी गोगलगाय म्हनो. हे शेवटचं, वासराचे कान. आन हे मधलं..." तिनं फरशीवर सगळ्यांत आधी खाली एक वळसा ओढला, उजवीकडं फेकलेला. "ही शेपूट. आधी शेपूट काढाची."

"आधी उकार?" मोतीराम म्हणाले. "आमी तं शेवटी देतो."

"टाकीच्या खाली बोल्टाईची रांग आहे ना? शेवटी काढली तं शेपूट बोल्टावर जाते. म्हून आधी शेपूट बसवाची, मंग तिच्यावर हा पाठ वाकलेला म्हातारा." तिनं 'द' काढला, बुटका, जरा वर सरकलेला. "शेपूट बसली तं म्हातारा बसते. आन त्याच्या डोक्यावर विळा." वरचा रफार झर्रकन आला.

फरशीवर 'र्दू' उभा होता. मोतीरामांनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांना एकदम कळलं की आपले तिन्ही का फसले. आपण पूर्ण उंचीचा 'द' काढत होतो. बोल्टांची रांग आपण पाहिली होती, पण त्या अक्षराला तिच्यावरून पाय उचलून उभं राहावं लागलं असेल, हे ध्यानात आलं नव्हतं.

"आन रेघ?" त्यांनी हळूच विचारलं. "रेघ वर काहून जाते, माय?"

म्हातारी हसली. "उजव्या हाताले भट्टी होती. तिकडून उभं रायता येत नोहोतं, लुगडं जळे. मी डाव्या अंगानं उभी राहो आन हात लांबवो. लांबवला का रेघ वर जाये. मालक रोज बोलत मले त्याच्यावरून. मंग त्याईनंच सोडून देलं."

मोतीरामांनी फरशीवरचं अक्षर कागदावर उतरवून घेतलं. निघताना ते म्हणाले, "काम चालू झालं का तुमाले न्याले गाडी पाठवतो."

"पायतो," मनकर्णाबाई म्हणाल्या. "गुडघे काय म्हन्तात त्याच्यावर आहे."

पुढच्या आठवड्यात मोतीराम अकोटला किसनरावांकडेच मुक्कामाला गेले. टाकीची खरवडलेली बाजू साफ करून तिला गर्द हिरवा दिला. दोन दिवस वाळू दिली. कागदावरच्या अक्षरांच्या कडांना सुईनं बारीक भोकं पाडली, कागद टाकीवर चिकटवला आणि फडक्याच्या पुरचुंडीत कोळशाची पूड घालून वरून चोपली. कागद काढला तेव्हा हिरव्यावर काळ्या ठिपक्यांचं अख्खं नाव उमटलं होतं.

विपुल बघायला आला, तो बघतच राहिला. मग जरा घुटमळत म्हणाला, "काका, बाकी सगळं करा तिच्यासारखं. पन रेघ तेवढी सरळ घेता का? पौषात अमरावतीले प्रदर्शन आहे. लोक म्हनतीन, पेंटरले धड रेघ येत नाई."

मोतीराम ब्रश ओला करत होते. चाळीस वर्षं त्यांनी रेघेवरच नाव कमावलं होतं, आणि पोराचं म्हणणं त्यांना मनातून पटतही होतं. लोक त्यांनाच हसणार होते, मनकर्णाबाईंना नाही.

"सरळ पायजे असंन तं रेडियमवाल्याले बलाव," ते शांतपणे म्हणाले. "मले या बाईचं अक्षर काढाले बलावलं ना तुमी? तिची रेघ अशी आहे."

विपुलनं आबांकडे पाहिलं. किसनराव म्हणाले, "मी दोन दिवस त्या गाडीच्या मांगं चालत आलो होतो. डोळ्यासमोर तेच नाव होतं. मले तवाई वाटलं होतं का हे चढून राहिलं आहे. काढा पेंटरसायेब."

रेघ ओढायला मोतीरामांना अर्धा दिवस लागला. मुद्दाम वाकडी रेघ ओढणं सोपं, पण तिच्याच इतकी, तिच्याच जागी वर जाणारी ओढणं अवघड. हात आपसूक सरळ धावे. तीनदा पुसली. चौथ्यांदा त्यांनी हात टेकायची काठी बाजूला ठेवली, टाकीच्या डाव्या अंगाला जाऊन उभे राहिले आणि हात लांबवला. रेघ आपोआप वर गेली.

चौथ्या दिवशी विपुल अकोल्याहून मनकर्णाबाईंना आणि आकांक्षाला घेऊन आला. मोतीराम तेव्हा 'ल'ची तांबडी सावली घालत होते. किसनरावांच्या पत्नी सुभद्राबाईंनी म्हातारीला हाताला धरून शेडमध्ये आणलं, खुर्ची दिली. मनकर्णाबाईंनी चष्मा पुसून लावला. डावीकडून उजवीकडे एकेक अक्षर न्याहाळलं.

"सावली जाड झाली," त्या म्हणाल्या.

"कुठी?"

"वासराच्या कानाले. बाकी ठिकानी बरी आहे. इथं तुमी घाई केली."

मोतीरामांनी टर्पेंटाइनचा बोळा घेऊन ती ओली सावली पुसून टाकली. मग ब्रश त्यांच्यापुढं धरला. "तुमीच काढा, माय."

"खडू चालते, पन बारीक ब्रश आता माया हातात ठरत नाई. तुमी काढा, मी सांगतो." त्या पुढं सरकल्या. "ब्रश आडवा धरा. अजून. हां. आता श्वास सोडा. सोडला? आता ओढा."

गफ्फार उस्तादांनंतर मोतीरामांना कोणी असं सांगितलं नव्हतं. सदुसष्टाव्या वर्षी ते शिकाऊ मुलासारखे श्वास सोडून थांबले आणि ओढत गेले. सावली पाकळीला लागून, सुतासारखी खाली उतरली.

"झालं," मनकर्णाबाई म्हणाल्या.

रंग वाळल्यावर, चार दिवसांनी, इंजिन चालू करायचं ठरलं होतं. पण म्हातारी परत कधी येणार? किसनराव म्हणाले, आत्ताच लावू, धूळ बसली तर पुसू. मोतीरामांनी आधी नाही म्हणून मान हलवली, मग तेही हो म्हणाले. विपुलनं हँडल घातलं. तिसऱ्या फेरीला इंजिननं खोकल्यासारखं केलं, धुराचा एक गोळा बाहेर आला, आणि मग ते लागलं. फक्, फक्, फक्. चाकं फिरू लागली, टाकी थरथरू लागली, तिच्यावरची सगळी अक्षरं अंगात आल्यासारखी बारीक कापू लागली. विहिरीच्या पाइपातून आधी हवा आली, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ.

मनकर्णाबाईंनी कानांवर हात ठेवले होते.

"एवढा आवाज करते काय हे?" त्या आकांक्षाच्या कानाशी ओरडल्या. "तठी तं आमच्याकडं मुकंच येये. आमी रंगवून देलं का गाडीवर चढे."

मग त्यांनी हात काढले आणि पाटात चाललेल्या पाण्याकडे त्या पाहत बसल्या. सुभद्राबाईंनी जेवायला चला म्हणून दोनदा हाक मारली, तरी उठल्या नाहीत.

पौषात शार्दूल अमरावतीच्या प्रदर्शनात गेलं. तिथं खरोखरच एक-दोघांनी रेघ वर गेलीय म्हणून बोट दाखवलं, आणि विपुलनं प्रत्येकाला भट्टीपासून बोल्टांपर्यंत सगळं ऐकवलं, ऐकणारा कंटाळेपर्यंत. इंजिनापुढं त्यानं एक पुठ्ठा ठेवला होता. त्यावर कारखान्याचं नाव होतं, साल होतं, आणि खाली 'मूळ अक्षरं मनकर्णाबाई पिंजरकर, अकोला. पुन्हा काढली मोतीराम तेलगोटे, वलगाव' असं लिहिलेलं होतं. आकांक्षानं त्या पुठ्ठ्याचा फोटो आजीला नेऊन दाखवला. आजीनं तो बोट फिरवत, एकेक अक्षर लावत वाचला, आणि पिंजरकरमधला 'पिं' बारीक काढला आहे एवढं बोलून फोन परत दिला.

त्या प्रदर्शनात मोतीरामांना तीन कामं सांगून आली. पहिलं रिद्धपूरचं, एका शेतकऱ्याच्या घरी सत्तर वर्षांचं कडबा कापायचं यंत्र होतं, त्याचं. माघात ते पिशवीत वॉटर पेपर, सुया आणि ब्रशांचा डबा घालून तिकडे गेले. केशरबाईही बरोबर गेल्या, रंग बघायला. यंत्रावर रंगाचे तीन थर होते आणि नाव काहीच दिसत नव्हतं.

"याच्यावरचं अक्षर कोनं काढलं होतं, काही ठाऊक आहे का?" मोतीरामांनी घरमालकाला विचारलं.

घरमालकाला या प्रश्नाचं नवल वाटलं. "कंपनीनं काढलं असंन," तो म्हणाला.

"कंपनीले हात कुठी असतात," केशरबाई म्हणाल्या, आणि पदर खोचून बादलीत पाणी आणायला गेल्या.